एर्न कार्मोडीने चुकवलेला पेला

"माणूस किती पितो ते बघू नका, कुणाला पाजतो ते बघा."

एर्न कार्मोडीचं हे बोलणं आमच्या बिल्लाकूनात शेंबड्या पोरांनाही पाठ होतं. लग्नात तो हेच म्हणायचा, मयताला हेच म्हणायचा, आणि एकदा मारामारीपायी रात्रभर कोठडीत बसला तेव्हा सकाळी कुलूप काढणाऱ्या कॉन्स्टेबललाही त्याने हेच ऐकवलं. हे बोलताना तो कधी हसत नसे. त्याच्या लेखी ती गंमत नव्हती, तो धर्म होता. चर्चमध्ये तो ईस्टरला जायचा, तेही बेरिलने, त्याच्या बायकोने, सदऱ्याची इस्त्री करून ठेवली तर. पण डल्सी क्विल्टीच्या पबात इतरांना पेला पाजायची आपली पाळी त्याने जन्मात चुकवली नव्हती.

एर्न लोकर कातरणाऱ्या टोळीचा मुकादम. उंची दारात वाकावं लागेल अशी, मान बैलाची, आणि तळहात मात्र नव्या नवरीचे. मेंढीच्या लोकरीत तेल असतं, ते आयुष्यभर हाताला लागलं की कातडी लोण्यासारखी होते. पहिल्यांदा त्याच्याशी हात मिळवणारा माणूस दचकायचा. मग त्याची नजर त्या हाताच्या पाठीकडे जायची. तिथे बोटांची पेरं अशी उखडून बसलेली की वाळल्या नदीतले गोटे वाटावेत. तळहात मेंढ्यांनी घडवला होता, पाठ माणसांनी.

कारण एर्न भांडायचा. आमच्याकडे भांडत नाही असा माणूस असतो, नाही असं नाही, पण त्याला पाद्री म्हणतात. लाल धुळीचा आणि खारट झुडपांचा हा मुलूख. आभाळ एवढं मोठं की त्याखाली माणसाला आपण आहोत की नाही याची अधूनमधून खात्री करून घ्यावी लागते. पण एर्नच्या भांडणाला रीत होती. कोट काढायचा, घडी घालायची, टोपी खुंटीला. खोटे दात डल्सीच्या हातात द्यायचे, ती ते टॉवेलात गुंडाळून गल्ल्यामागे ठेवायची. लाथ नाही, गुडघा नाही, खाली पडलेल्याला बोट लावायचं नाही. तो उठेपर्यंत थांबायचं, आणि उठला नाही तर आपणच त्याला उठवायचं, हात हातात घ्यायचा आणि आत जाऊन पहिला पेला त्याच्यापुढे ठेवायचा. तिथे भांडण संपलं. पुन्हा त्याचा शब्द काढणारा हलकट. आपल्या चुलतभावाचा जबडा त्याने एका डिसेंबरात मोडला होता, आणि नाताळचं जेवण त्याला स्वतःच्या हाताने चमच्याने भरवलं होतं, मटणाचा रस्सा आणि कुस्करलेला भोपळा. भरवताना शिव्या देत होता, चुलतभाऊ तारेने बांधलेल्या जबड्याने हसत होता.

धंदाही तो तसाच करायचा. कागदावर सही केलेली त्याला कुणी पाहिली नाही. नदीच्या वरच्या अंगाला यारामन म्हणून मेंढ्यांची मोठी वाडी आहे, तिचा मालक गॉर्डन ॲबरनेथी. हिवाळा सरता सरता एक दिवस गॉर्डन गावात यायचा, डल्सीच्या पबात एर्नच्या शेजारी कोपर टेकायचा, आणि दोघेही कामाचं अक्षरसुद्धा काढायचे नाहीत. आधी पाऊस, जो नसायचाच. मग कुत्री. मग गॉर्डनच्या बायकोचा गुडघा. एर्न त्याला विचारायचा की या वर्षी मेंढ्यांच्या अंगावर लोकर आहे की नुसतीच धूळ, की दोन्ही विकतोस, कंजुषा. गॉर्डन म्हणायचा, तुझ्या टोळीने गेल्या वर्षी लोकरीपेक्षा कातडीच जास्त कापली, आंधळ्या दरोडेखोरा. असं चांगलं तासभर. आणि मग मधेच, बोलण्याच्या ओघात, खांद्यावरची माशी उडवावी तसा गॉर्डन हात पुढे करायचा आणि एर्न तो धरायचा. झालं. मधे एक आठवडा सोडून सोमवारी टोळी कातरणीच्या शेडमध्ये उभी. हजारो मेंढ्यांचा सौदा, कितीतरी घरांची चूल, सगळं त्या एका पकडीत. मोडला असता तर कुणी कोर्टात गेलं नसतं. फक्त पुन्हा कुणी एर्नचा हात धरला नसता.

आता क्लॅरी वूलकॉटचं सांगतो.

क्लॅरी हा टोळीचा पहिला हात. सुकट, वाकडा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा माणूस, पण मेंढी त्याच्या गुडघ्यात आली की झोपल्यासारखी व्हायची, आणि लोकर तिच्या अंगावरून शाल उतरावी तशी एका तुकड्यात उतरायची. आमच्याकडे फार मोठी स्तुती म्हणजे 'वाईट नाही'. क्लॅरीच्या कातरणीबद्दल लोक 'मुळीच वाईट नाही' म्हणायचे. एर्न आणि तो लहानपणी एकाच शाळेतून पळाले, एकाच शेडमध्ये झाडू मारायला लागले, आणि एकमेकांना त्यांनी इतकं मारलं होतं की कुणाच्या अंगावरचा कुठला वण कुणाचा, हे त्यांनाही आठवत नसे. क्लॅरी बोलायचा कमी. एर्न त्याला 'मढ्या' म्हणायचा. क्लॅरी त्याला 'ढोल' म्हणायचा.

ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या हिवाळ्यात कातरणाऱ्यांचा संप झाला होता. सगळ्या मुलखात शेड बंद. लोकांनी ससे खाऊन दिवस काढले, पण कात्रीला हात लावला नाही. आणि त्या मधल्या काळात क्लॅरी गावातून नाहीसा झाला होता. कुठे जातो ते न सांगता गेला, आणि परत आला तेव्हा तोंडाला कुलूप. कुणी विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. पण न विचारलेल्या प्रश्नाला बुरशी लवकर येते. कुणीतरी म्हणालं, दक्षिणेकडे एका शेडमध्ये चोरून कातरणी चालू होती म्हणे. कुणीतरी म्हणालं, एक सुकट माणूस होता म्हणे तिथे, हात फार जलद. एवढंच. 'संपफोड्या' हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारला नाही, कारण तो शब्द एकदा माणसाला चिकटला की त्याच्या थडग्यालाही चिकटतो. कितीतरी घरांत अजून आजोबांच्या संपातला एखादा संपफोड्या आहे, आणि त्याच्या नातवाला मुली मिळत नाहीत.

एर्नला खरं माहीत होतं. एकट्या एर्नलाच. ट्रकमध्ये शेजारी बसून जाताना क्लॅरीने एकदा रस्त्याकडे बघत त्याला सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर म्हणाला होता, हे कुणाला कळता कामा नये. एर्नने गिअरवरचा हात उचलून त्याच्यापुढे धरला होता, आणि क्लॅरीने तो दाबला होता.

तर त्या वर्षीचा तो शुक्रवार. गॉर्डन ॲबरनेथी आला, पाऊस झाला, कुत्री झाली, गुडघा झाला, आणि हात मिळाले. त्या काळी पब संध्याकाळी सहाला बंद व्हायचे. शेवटच्या पाव तासात बारवर अशी झुंबड उडायची की पाणवठ्यावर मेंढ्या बऱ्या. सौदा झाला की पाळी एर्नची, सगळ्या बारला पाजायची. तो एकेकाचं नाव घेऊन शिवी घालायचा, आणि डल्सी नळाखालून पेला काढून त्या माणसापुढे सरकवायची. डल्सी ही रुंद हाडाची विधवा, आवाज घोगरा. तिच्या हातून फेस सांडलेला कुणी पाहिला नाही. ए पर्सी, दात नसलेल्या घोड्या, घे. ए केव, आयतोबा, बहिणीच्या जिवावर जगणाऱ्या, तूही घे. केव हा बेरिलचा धाकटा भाऊ, एर्नच्याच घरी राहायचा, एर्नच्याच टोळीत कातरायचा. असं करत करत एर्नने सगळा बार संपवला.

क्लॅरी मागच्या अंगणात होता. त्याच्या कुत्रीच्या पायात काटा गेला होता, तो काढत होता. जाताना टोपी घालून गेला होता. एर्नने खुंटी रिकामी बघितली आणि त्याला वाटलं, मढ्या घरी गेला.

क्लॅरी दारात आला तेव्हा प्रत्येकाच्या हातात पेला होता आणि त्याचे हात रिकामे होते.

हे लहानसं वाटेल. पण बारमधला आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विझत गेला, जसे वारा सुटल्यावर दिवे विझतात. क्लॅरीने 'माझा कुठाय' म्हणायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. आमच्याकडे माणूस तहानेने मरेल, पण दुसऱ्याच्या पाळीतला पेला मागणार नाही. आणि एर्नने त्याला एक सणसणीत शिवी हासडायला हवी होती. कुठे मेला होतास मढ्या, स्वतःची कबर खणत होतास का, ये, ढोस. एवढं म्हटलं असतं तर डल्सीने नळ सोडला असता आणि लोक हसले असते. पण एर्नला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाला चुकवलं होतं, आणि तेही यालाच. लाजेने तो हळू, सभ्य आवाजात बोलला.

"माफ कर, क्लॅरी. माझं लक्ष नव्हतं."

शिवी नाही. मढ्या नाही. बँकेतला माणूस बोलतो तसं.

तेवढ्यात सहाची घंटा झाली आणि डल्सीने सवयीने नळांवर टॉवेल टाकला. क्लॅरीने एकदा त्या टॉवेलाकडे बघितलं, एकदा एर्नकडे.

"काही हरकत नाही, मिस्टर कार्मोडी," तो म्हणाला, आणि गेला.

त्याच्यामागे सगळ्यांनी पेले संपवले, आणि सगळ्यांनी मनात एकच अर्थ लावला. एर्न कार्मोडी माणूस विसरत नाही. एर्न क्लॅरीचा जिवलग. एर्नने जर त्याला वगळलं, तर एर्नला काहीतरी माहीत आहे. म्हणजे ते खरं आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना क्लॅरीच्या फाटकावर मेंढ्यांवर खूण करायच्या लाल रंगाने तो शब्द लिहिलेला होता. अक्षरं ओघळून खालच्या फळीपर्यंत आली होती. क्लॅरीने ते पुसलं नाही. फाटक उघडून तो नेहमीसारखा दुकानात गेला. दुकानदाराने चहा आणि मुरंब्याचा डबा फळीवर ठेवला, तोंडाने एक अक्षर बोलला नाही, सुटे पैसे हातात न देता फळीवर टाकले. न्हाव्याने खुर्चीवर कापड पांघरलं आणि आज बंद म्हणाला, आणि क्लॅरीच्या पाठीमागून आलेल्याला बसवलं.

दुपारी नदीच्या उतारावर त्याला तिघांनी गाठलं. भर उन्हात, मोठ्या तांबड्या खोडांच्या निलगिरीच्या झाडांखाली, जिथे गुलाबी काकाकुव्यांचा कलकलाट इतका असतो की माणसाचा आवाज ऐकू येत नाही. एकाच्या हातात चामड्याच्या पट्ट्याला बांधलेली लोखंडी रिकीब होती. आधी त्यांनी कुत्रीला मारलं, कारण ती मधे आली. मग त्याला. खाली पडल्यावर बुटांनी. बरगड्या मोडल्याचा आवाज सुकी फांदी मोडल्यासारखा असतो असं म्हणतात, तसा नसतो. तो ओल्या फांदीसारखा असतो. क्लॅरी पाण्याच्या काठापर्यंत सरपटत गेला आणि तिथे तोंड धुतलं, आणि मग कुत्रीला कोटात गुंडाळून घरी नेलं.

कॉन्स्टेबल आला, वही न काढता उंबऱ्यावर बसला आणि काय झालं म्हणून विचारलं. घोड्यावरून पडलो, क्लॅरी म्हणाला. कॉन्स्टेबलने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, घोड्याला बूट होते का?

"होते. नवे होते."

कॉन्स्टेबल उठून गेला. गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणालाच माहीत नव्हतं. एर्नलाही माहीत होतं. त्याच्या घरामागच्या हौदात बेरिल केवचा सदरा घासत होती आणि पाणी तांबडं होत होतं. बेरिल वर बघत नव्हती. एर्न हौदाशी उभा राहिला, मग ट्रककडे गेला, ट्रकमध्ये बसला, पुन्हा उतरला. क्लॅरीच्या घरी जाऊन फाटकाशी उभा राहिला. आतून दार उघडलं नाही. आपल्या चुकीवर आपल्या रीतीत एकच उतारा आहे हे त्याला ठाऊक होतं. चारचौघांत क्लॅरीच्या हातात पेला द्यायचा. पण त्यासाठी क्लॅरीने पबात यायला हवं, आणि पेला घ्यायला हवा.

क्लॅरी आला. पुढच्याच शनिवारी, दुपार कलताना, छातीला चादरीचे पट्टे बांधून. बारमध्ये शिरलाच नाही, पत्र्याच्या कुंपणाच्या मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला आणि तिथून बोलला, मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मिस्टर कार्मोडी, कोट काढा."

सोमवारी यारामनची शेड उघडायची होती. टोळी ठरलेली, हात दिलेला. मुकादमाने त्या आधी मूठ फोडून घ्यायची नसते. पण एर्नचा चेहरा उजळला, हे मी सांगतो. त्याला वाटलं, सुटलो. भांडण म्हणजे मार्ग. मारामारी होईल, कुणीतरी पडेल, हात मिळतील, आणि पेला क्लॅरीच्या हातात जाईल. त्याने कोटाची घडी घातली, दात डल्सीला दिले, आणि बाहेर गेला.

आम्ही सगळे कुंपणाला टेकून गोल उभे राहिलो. माती तापलेली होती आणि बिअरच्या रिकाम्या पिंपांचा आंबूस वास होता. सुरुवातीला क्लॅरीच मारत होता. तो हलका होता, आत शिरायचा, एर्नच्या तोंडावर दोन ठेवायचा आणि बाहेर. एर्नची भुवई फुटली, रक्त डोळ्यात गेलं. एर्न मारत होता ते खांद्यावर, दंडावर, कपाळावर. छातीच्या पट्ट्यांच्या जवळ त्याची मूठ जात नव्हती. हे बघायला वेळ लागला नाही. क्लॅरीलाही लागला नाही. तो थांबला, हात खाली केले आणि आपल्या डाव्या कुशीवर स्वतःच थाप मारली.

"इथं मार," तो म्हणाला. "इथं. मला भीक घालू नकोस, ढोल्या. संपफोड्याला भीक नको."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने 'ढोल' म्हटलं. एर्नला ते ऐकू आलं, आणि त्याने मारलं. जिथे सांगितलं तिथे. क्लॅरी दुमडला, गुडघ्यावर आला, तोंडातून लाल फेस थुंकला आणि उठला. पुन्हा उठला. वाकलेल्या क्लॅरीने एर्नच्या पोटात डोकं घातलं, दोघे पिंपांवर आपटले, पिंपं गडगडली. एर्नचे ओठ फाटले, क्लॅरीचा एक डोळा पिकलेल्या आलुबुखारासारखा फुगून मिटला. माणसं आधी ओरडत होती, मग ओरडेनाशी झाली. शेवटी एर्नने उजवा घातला तो क्लॅरीच्या कपाळाच्या हाडावर बसला, आणि दोन आवाज झाले. एक क्लॅरी पडल्याचा, दुसरा एर्नच्या हाताचा. हात मनगटापासून वेडावाकडा झाला. एर्नने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो वाकला आणि डावा हात पुढे केला.

क्लॅरीने उताणं पडून त्या हाताकडे एका डोळ्याने बघितलं, आणि घेतला नाही.

आणि इथे ते झालं जे एर्नच्या डोक्यात आलंच नव्हतं. लोकांनी टाळ्या पिटल्या. एर्नची पाठ थोपटली. संपफोड्याला असंच पाहिजे, कुणीतरी म्हणालं. मारामारीने दोन माणसांतलं भांडण मिटतं, गावाने लावलेला डाग मिटत नाही, उलट जिंकणाऱ्याच्या मुठीने तो आणखी पक्का होतो. केव हसत पुढे आला. त्याच्या हातात भरलेला पेला होता. तो त्याने पडलेल्या क्लॅरीच्या तोंडावर हळूहळू ओतला, फेस नाकात जाईपर्यंत.

"घे. सगळ्या बारकडून."

पुढचं फार लवकर घडलं. एर्नने डाव्या हाताने केवची मान पकडली आणि त्याचं तोंड पत्र्यावर आदळलं. पत्रा गावभर वाजला. केव खाली पडला. आणि एर्न कार्मोडीने, पडलेल्याला बोट न लावणाऱ्याने, त्याला लाथ मारली. मग दुसरी. मोडलेल्या हातानेही मारलं, प्रत्येक फटक्याला स्वतःच विव्हळत. केवचे टोळीतले दोन दोस्त धावून आले, त्यांतल्या एकाच्या नाकावर एर्नने कपाळ आपटलं, दुसऱ्याचं कोपर त्याने उलटं फिरवलं. आम्ही त्याला ओढायला गेलो तर आम्हालाही झटकलं. डल्सीने बादलीभर पाणी टाकलं तेव्हा कुठे तो थांबला, धापा टाकत, ओठांवरून रक्त हनुवटीवर, हनुवटीवरून सदऱ्यावर.

केव बसता झाला. दातांतून रक्त गळत होतं. तो रडत म्हणाला की आपल्याच बायकोच्या भावाला मारलंस, एका संपफोड्यासाठी. एर्न म्हणाला, तो संपफोड्या नाही.

तेव्हा म्हातारा पर्सी बोलला. कातरणाऱ्यांत वयाने सगळ्यात मोठा, संपात उपाशी राहिलेल्यांत पहिला. त्याने शांतपणे विचारलं, "मग तो कुठे होता, एर्न? तुला माहीत असेल तर बोल. आज नाही बोललास तर पुन्हा कुणी विचारणार नाही."

एर्नने क्लॅरीकडे बघितलं. क्लॅरी कोपरावर उठला होता. बिअर आणि रक्त त्याच्या कानामागून ओघळत होतं. त्याने मान हलवली, अगदी थोडी. नको.

एवढं मोठं आभाळ आणि त्याखाली एवढंसं अंगण. पत्र्यावर ऊन तडतडत होतं. आणि एर्न बोलला. क्लॅरीची आई वारल्याचं क्लॅरी पोरगा असल्यापासून गावाला सांगितलं होतं, ती वारलेली नव्हती. दूर शहरात वेड्यांच्या इस्पितळात होती, इतकी वर्षं. तिचा कुणीतरी निरोप धाडला म्हणून क्लॅरी गेला. तो पोचला तेव्हा तिने त्याला ओळखलं नाही, बाप समजून त्याच्या तोंडावर ओरबाडलं. मग ती गेली. इस्पितळाच्या मागे नुसत्या आकड्यांच्या थडग्यांची रांग होती. तिथे तिला न ठेवता त्याने एक फावडं मागून घेतलं, आणि एका टेकडीवर तिला स्वतः पुरलं. "त्या दिवसांत त्याच्या हातात कात्री नव्हती," एर्न म्हणाला. "फावडं होतं. आता सगळ्यांना कळलं. आता समाधान झालं असेल."

कुणी एकाने टोपी काढली. मग सगळ्यांनी काढल्या. केवनेही रक्ताळलेल्या हाताने डोकं चाचपलं, पण त्याची टोपी कुठेतरी पडली होती.

क्लॅरी कुणाचा हात न घेता उठला, एका पिंपावर बसला. पर्सी सावकाश चालत गेला आणि त्याच्या शेजारच्या पिंपावर बसला, खांद्याला खांदा लावून, आणि तंबाखूची डबी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. आमच्याकडे माफी अशी मागतात. क्लॅरीने डबी परत दिली नाही. पण तो बघत होता एर्नकडे.

"तू मला हात दिला होतास," तो म्हणाला.

"दिला होता," एर्न म्हणाला.

क्लॅरीचं नाव धुतलं गेलं होतं, हे सगळ्यांना कळत होतं, त्यालाही. आणि ते कशाने धुतलं गेलं, हेही.

डल्सीने टॉवेलातून दात आणून दिले. एर्नने ते फुटलेल्या ओठांमागे बसवले, कोट घेतला, पण हात बाहीत जाईना, म्हणून खांद्यावर टाकला. टोळी संपली होती. केव आणि त्याचे दोस्त आता त्याच्यासाठी कातरणार नव्हते, आणि एकाचा तर हातही वर होत नव्हता. एर्नचा स्वतःचा उजवा आता या हंगामात कात्री धरणार नव्हता. क्लॅरीला विचारायचं तोंड त्याला नव्हतं. सोमवारी यारामनच्या शेडमध्ये कुणी उभं राहणार नव्हतं, आणि ते गॉर्डन ॲबरनेथीला निरोपाने कळवायची गोष्ट नव्हती. दिलेला हात समोर जाऊनच परत घ्यावा लागतो.

डावा गिअरवर गेला की त्या मोडक्या हाताने ट्रकचं चाक धरता आलं नसतं. मी सोडतो म्हणून दोघे तिघे पुढे झाले. एर्नने डावा हात उचलून नको म्हटलं. कुंपणाच्या फटीतून तो बाहेर पडला आणि यारामनच्या रस्त्याला लागला, मोडका हात छातीशी धरून, लाल धूळ उडवत, अंग एका बाजूला कलतं. रस्ता सरळ आहे तो, झाड नाही, वळण नाही, माणूस तासभर दिसत राहतो.

डल्सी दारात उभी होती, हातात ओला टॉवेल. आम्ही कुंपणाशी, टोप्या अजून हातात. आणि पिंपावर बसलेला क्लॅरी वूलकॉट, उघड्या राहिलेल्या एका डोळ्याने, आमच्यापैकी एकेक जण आत गेला तरी तिथेच, तो कलता माणूस बारीक होत जाताना बघत.